दिगूचा पाट

"…पण बुवा, साधं घेऊ की मधलं?"

बयाजीबुवा सुपारी कातरत होते. त्यांनी वर बघितलं नाही.

"साधं काय, मधलं काय?"

"मशीन."

"कसलं?"

"लाकूड घासायचं. सँडर. रँडम ऑर्बिटल सँडर म्हणतात त्याला."

अडकित्ता थांबला…

आमच्या मठात माणसं येतात ती मुलीचं लग्न जमेना म्हणून, नवऱ्याची दारू सुटेना म्हणून, अगदीच काही नसलं तर म्हैस हरवली म्हणून. लाकूड घासायच्या मशीनची परवानगी मागायला आलेला हा पहिलाच. मी मठाचा स्वयंपाकी. चुलीवर आमटी उकळत होती, ती तशीच ठेवून मी दाराशी येऊन उभा राहिलो. असल्या गोष्टी मी चुकवत नाही.

माणूस चाळिशीचा. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, भांग असा की केस मोजून ठेवलेत. उमाकांत रेडीज. खाली खाडीकाठच्या गावातला. नोकरी तालुक्याला, आणि रविवारी घराच्या मागच्या पडवीत लाकूडकाम करायचा शौक. त्याच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी चौकोनी होतं. आल्यापासून ते त्याने खाली ठेवलं नव्हतं.

"मग घे की," बुवा म्हणाले. "मला कशाला विचारतोस?"

"आईने अडवलंय. वर्ष सरेपर्यंत घरात नवी वस्तू आणायची नाही म्हणते. आणायचीच असेल तर आधी बुवांना विचार."

"कोणाचं वर्ष?"

उमाकांतने शर्टाची बाही सारखी केली.

"धाकट्या भावाचं. दिगंबर. पुढच्या आठवड्यात वर्षश्राद्ध आहे."

दिगू मला माहीत होता. उत्सवाला यायचा, पंगतीत शेवटी बसायचा आणि आमटी संपेपर्यंत उठायचा नाही. मला तो आवडायचा. गेल्या वैशाखात खाडीत पोहायला उतरला आणि भरतीत सापडला. तेव्हा गावभर एकच बोलणं होतं, उमाकांतने सगळं कसं खंबीरपणे निभावलं. डोळ्यातून टिपूस नाही काढलं, म्हणे.

बुवांनी सुपारी तोंडात टाकली.

"सांग. कसं असतं तुझं मशीन?"

इथे उमाकांत खुलला. एवढा वेळ ताठ बसलेला माणूस, हात हलवून बोलायला लागला.

"साधं असतं ते चौकोनी. जागच्या जागी थरथरतं. स्वस्त आहे, पण वेळ फार खातं, आणि धूळ घरभर उडवतं. मधलं गोल असतं. ते फिरतं, आणि फिरता फिरता सरकतंही. त्यामुळे घासायच्या कागदावरचा कण गेल्या वाटेने पुन्हा जात नाही. म्हणून ओरखडा राहत नाही."

"राहत नाही, की दिसत नाही?"

उमाकांत अडखळला.

"…दिसत नाही."

"दाबावं लागतं?"

"अजिबात नाही. नवखे लोक तीच चूक करतात. दाबलं की लाकडावर गोल वळ उमटतात. मशीनचं स्वतःचं वजन पुरतं. आपण नुसतं धरायचं आणि हळू सरकवत राहायचं."

"नुसतं धरायचं. जमेल तुला?"

"त्यात न जमण्यासारखं काय आहे, बुवा?"

त्याला ते लागलं होतं. मग त्याने ऐकवलंच सगळं. वेग कमीजास्त करायची चकती हवी. कागद नुसता चिकटवला की बसेल आणि ओढला की निघेल असा हवा. कागदाला भोकं हवीत, त्यातून धूळ ओढली जाते. त्याने चार महिने दुसरं काही बघितलं नव्हतं, असं त्याच्या बोलण्यावरून वाटलं. मी एवढा विचार लग्न करतानाही केला नव्हता.

"धूळ ओढली जाते. कुठे?"

"मागे पिशवी असते."

"आणि पिशवी भरली की?"

"झटकायची."

"कुठे?"

"…बाहेर. कुठेही."

बुवांनी मान हलवली.

"हात आहेत की तुला. मशीन कशाला?"

उमाकांतचे हात मांडीवरच्या टॉवेलावर आले.

"हाताने होत नाहीये," तो म्हणाला. आवाज उतरला होता.

"उघड."

त्याने टॉवेल सोडला. आत पाट होता. जेवायला बसायचा, फणसाच्या लाकडाचा, हळदीच्या रंगाचा. कोपरे गोल केलेले, कडा उतरवलेल्या, खाली दोन पट्ट्या अशा बसवलेल्या की सांधा शोधावा लागेल. काम बघून मी मनात म्हटलं, नाव ठेवायला जागा नाही. मला नावं ठेवायला आवडतं, म्हणून सांगतो.

"हात फिरव," बुवा मला म्हणाले.

मी फिरवला. कडेला काचेसारखा. मध्ये आलो आणि हात मागे घेतला. मधली जागा खरखरीत होती, मांजराच्या जिभेसारखी. लाकडाच्या तंतूंची बारीक कूस उभी राहिली होती. आणि ती सगळीकडे नव्हती. मी पाट उजेडात तिरका धरला तेव्हा दिसलं. मागच्या बाजूला दोन गोल. पुढे एक आडवी खूण, घोटा टेकावा तेवढी.

कोणी मांडी घालून बसावं, तसं.

मी पाट खाली ठेवला. माझ्या हातांना काय झालं होतं कोणास ठाऊक, मी ते धोतराला पुसत राहिलो.

"रोज संध्याकाळी मी घासतो," उमाकांत सांगायला लागला, पाटाकडे न बघता. "ऐंशी नंबरचा जाड कागद, मग एकशेवीस, मग बारीक दोनशेवीस. गुळगुळीत होतो. सकाळी बघतो तर पुन्हा असा."

"कशाने?"

"हवेने. खाडीजवळ घर आहे. दमट हवेत लाकूड फुगतं."

"कडेचं फुगत नाही?"

"आधी मला वाटलं आईच पाणी टाकते. म्हणून कपाटात ठेवला. कुलूप लावलं. किल्ली माझ्या गळ्यात."

"उभा ठेवला होतास?"

हे बुवांनी का विचारलं ते मला कळलं. आमच्याकडे जेवण झालं की पाट भिंतीला उभा करतात. रिकामा पाट आडवा टाकून ठेवत नाहीत. जुनी माणसं म्हणतात, मग कोणीही येऊन बसतं.

"उभाच," उमाकांत म्हणाला. "कपाटात आडवा मावतही नाही."

आमटी उतू गेल्याचा वास आला. मी हललो नाही.

"पाट कोणासाठी?"

"दिगूसाठी. त्याच्या पानासाठी." तो भराभर बोलायला लागला. "दिवसकार्य झालं आणि मी त्याचं सगळं सामान देऊन टाकलं. कपडे, सायकल, सगळं. घर मोकळं झालेलं बरं, आईला बघून त्रास व्हायला नको, म्हणून. त्यात त्याचा पाटही गेला. तेव्हापासून आई आमच्याबरोबर जेवायला बसत नाही. चुलीपाशी उभ्याने दोन घास खाते. दिगूचा पाट मांडल्याशिवाय बसणार नाही म्हणते. वर्ष झालं, बुवा. निम्मी झालीये ती. श्राद्धाला तरी पाट मांडून तिला बसवायची आहे. आणि हा पाट… ती हात लावील ना मांडताना. तिला हे लागेल हाताला."

"मग?"

"मग काय! म्हणून मशीन. हाताने कुठे कमी दाबलं जातं, कुठे जास्त. मशीन सगळीकडे सारखं करतं. कुठलीही खूण ठेवत नाही."

"कोणाची खूण?"

"हवेची," उमाकांत म्हणाला.

बुवा उठले. गुडघे वाजले. अंगणात ऊन पडलं होतं, त्याकडे बोट करून म्हणाले, "कागद आणलेत ना? घास इथेच."

उमाकांतने पिशवीतून कागद काढले, लाकडी ठोकळ्याला गुंडाळले आणि अंगणात बसला. काम त्याला येत होतं, यात शंका नाही. हात एका लयीत चालायचा, भूसा निघाला की फुंकर, कागद बदलला की पाट पुसून पुढे. ती मधली जागा घासताना मात्र तो मान फिरवून बघत होता, विहिरीकडे. बाकी सगळं काम त्याने बघून केलं.

पंगतीची वेळ होईपर्यंत पाट चकचकीत झाला. मी हात फिरवला. मधली जागा कडेसारखीच होती. माशी बसली असती तर घसरली असती.

"झाला," तो म्हणाला. थोडी ऐट होती आवाजात. "आता हा सकाळपर्यंत असा राहिला पाहिजे. एवढंच."

"भिवा," बुवा मला म्हणाले, "पंगतीत मांड."

"कोण बसणार त्यावर?"

"मांड."

"बुवा, रिकामा पाट…"

बुवांनी माझ्याकडे बघितलं. मी मांडला. मनातून मला ते पटलेलं नव्हतं, पण मठात माझ्या मनाला कोण विचारतं.

त्या दिवशी पंगत लहान होती. बुवा, उमाकांत, वाडीतले दोन म्हातारे. मी पानं मांडली. नव्या पाटापुढेही एक मांडलं. उमाकांत त्याच्या समोरच्या ओळीत बसला, शेजारी नाही. भात वाढला, आमटी वाढली, कैरीची डाळ वाढली. रिकाम्या पानावर वाढताना माझ्याकडून दिगूच्या सवयीने जरा जास्तच आमटी ओतली गेली. ती मी मुद्दाम ओतली नव्हती.

"सुरुवात करा," बुवा म्हणाले.

सगळे खाली मान घालून जेवायला लागले. अशी शांत पंगत मी आमच्याकडे बघितलेली नाही. म्हातारेसुद्धा भुरके मारायचे विसरले होते.

मी भात घेऊन दुसऱ्यांदा ओळीत आलो, तेव्हा वास आला.

आमचा मठ डोंगराच्या माथ्यावर. पाणी म्हणजे एक विहीर, तीही चैत्रात तळाला जाते. खाडी कुठल्या कुठे खाली. पण वास खाडीचाच होता, ओहोटीनंतरच्या काळ्या चिखलाचा. तो नव्या पाटापाशी होता. दोन पावलं मागे आलो की नव्हता.

मी पुन्हा पुढे गेलो नाही. भाताचं भांडं हातात धरून तिथेच उभा राहिलो. भीती वाटली, आणि सांगायला लाज नाही, थोडं बरंही वाटलं. वर्षानंतर पोरगं जेवायला आलं होतं.

पाटावर एक डाग पडला. रुपयाएवढा.

मग दुसरा.

पिवळं लाकूड हळूहळू काळवंडत गेलं. मागे दोन गोल. पुढे घोटा. वरून काही पडत नव्हतं. वर कौलं होती, कोरडी, आणि बाहेर चैत्राचं ऊन.

"बाल्या," एक म्हातारा उमाकांतला म्हणाला, "तुझा भाऊ नेहमी असाच ओला यायचा रे जेवायला?"

उमाकांतचा घास हातात राहिला.

"हो," तो म्हणाला. "लहानपणी खाडीतून यायचा आणि तसाच पाटावर बसायचा. आई ओरडायची, ओल्या अंगाने पाटावर बसू नको म्हणून. तो ऐकायचा नाही. मग ती पदराने त्याचं डोकं पुसायची, खसाखसा, आणि मग वाढायची…"

बोलता बोलता तो हसला होता. आपलंच बोलणं कानावर पडलं आणि त्याचं हसू गेलं.

तो उठला. उष्ट्या हाताने उठला, डाव्या हाताने टॉवेल ओढला आणि पाटावर वाकून पुसायला लागला. पुसलं की डाग जायचा, आणि टॉवेल उचलला की पुन्हा यायचा.

"पंगतीतून उठू नये," बुवा म्हणाले.

"पाणी मुरतंय, बुवा! आत्ता पुसलं नाही तर पुन्हा कूस उभी राहील. सगळी मेहनत…"

"कधीपासून पुसतोस?"

"रोजच पुसतो."

"त्याआधी?"

टॉवेल थांबला.

"खाडीवर," उमाकांत म्हणाला, फार हळू. "वर काढला तेव्हा. आई यायच्या आत. याच टॉवेलाने. डोकं पुसलं, कान पुसले. बोटांच्या मधलं पुसलं. केसांतली वाळू काढली. कोरडे कपडे घातले. आईने ओला बघू नये म्हणून."

"मग तिने कसा बघितला?"

"कोरडा. झोपल्यासारखा."

"पुसायला तिला काही ठेवलंस?"

बुवा पानावरून उठले. आत्ताच ज्यांनी उठू नये म्हणून सांगितलं, तेच. पाण्याचा तांब्या घेतला, ओळ ओलांडून आले आणि सगळा तांब्या पाटावर उपडा केला.

"बुवा!"

उमाकांत ओरडला. ते ओरडणं नव्हतं खरं तर, कळवळणं होतं. पाणी पाटावरून वाहिलं, पानाखाली गेलं, जमिनीवर पसरलं. पाट कडेपासून कडेपर्यंत काळा झाला.

"वाया गेला! सगळा वाया गेला!"

"सांग बघू," बुवा म्हणाले. "कुठे बसलाय?"

उमाकांतने बघितलं. पाट सगळीकडे सारखाच ओला होता. दोन गोल नव्हते. घोटा नव्हता. तो गुडघ्यावर बसला आणि पाटावरून हात फिरवायला लागला. आधी सावकाश, मग घाईने, अंधारात हरवलेलं काही चाचपावं तसा.

"दिसत नाहीये," तो म्हणाला. "इथेच होता. इथे… दिगू?"

मठात आल्यापासून भावाला हाक अशी त्याने आत्ताच मारली.

"दिगू, कुठे आहेस रे?"

आणि मग त्याला फुटलं. पाटावर कपाळ टेकून तो रडला, लहान मूल रडतं तसा, आवाज करून, श्वास अडकून. इस्त्रीचा शर्ट भिजला. म्हाताऱ्यांनी पानावरचे हात आखडून घेतले. मलाही राहवलं नाही. मी पुढे होऊन त्याच्या खांद्याला हात लावणार होतो, पण बुवांनी मान हलवली. मग मी तिथेच उभा राहून रडलो.

खाडीचा वास तेवढा वेळ तिथेच होता.

पंगत कधी उठली ते कळलं नाही. उमाकांत शांत झाला तेव्हा त्याने पाट उचलला आणि अंगणात उन्हाला ठेवला. त्याच्याजवळच बसून राहिला. डोळे सुजले होते, भांग विस्कटला होता. आल्यापासून पहिल्यांदा तो मला दिगूसारखा दिसला. भाऊच ते, सारखे दिसणारच.

मी त्याला पन्हं नेऊन दिलं.

"मला माहीत होतं," तो म्हणाला, मला की स्वतःला कोणास ठाऊक.

"काय?"

"लाकूड शेवटी भिजवतात. घासून झालं की मुद्दाम पाणी मारायचं. जी कूस उभी राहायची ती राहू द्यायची. वाळलं की हलक्या हाताने घासायचं. असं एकदा दोनदा केलं की पुन्हा उठत नाही, मग कितीही पाणी पडो. सगळे हेच सांगतात. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तेवढीच एक पायरी मी गाळत होतो." त्याने नाक पुसलं. "पाणी ओतायला हात व्हायचा नाही."

ऊन तापलं होतं. पाट बघता बघता वाळला. मी हात लावून बघितला. कूस उठली होती, पण आता सगळीकडे, या कडेपासून त्या कडेपर्यंत सारखी. कोणाची बैठक त्यात ओळखू येत नव्हती.

उमाकांतने कागद घेतला. या वेळी त्याने ठोकळा घेतला नाही, नुसता तळव्याखाली कागद. हात हलका पडत होता. मधल्या जागेवर आला तेव्हाही तो विहिरीकडे बघत नव्हता, पाटाकडेच बघत होता. मध्येच काहीतरी पुटपुटत होता. मी जरा जवळ गेलो तर ऐकू आलं, तो भावाला रागावत होता. भरतीची वेळ माहीत नव्हती का तुला, गाढवा. मी परत चुलीपाशी आलो.

एकदा घासून झाला तेव्हा त्याने स्वतः विहिरीवर जाऊन तांब्या भरून आणला. पाटावर धरला. पण तो कलता करेना. बुवा ओट्यावरून बघत होते.

"दाबू नकोस," बुवा म्हणाले. "नुसतं धर."

उमाकांतने तांब्या कलता केला. पाणी हळू पडलं.

दिवस कलायला लागला तेव्हा पाट पुन्हा वाळला होता. त्याने तो माझ्यापुढे धरला. मी मागून पुढे, पुढून मागे हात फिरवला. दुपारी होता तसा चकचकीत नव्हता. लाकडासारखा लागत होता, ऊबदार. मला तोच बरा वाटला.

त्याने पाट टॉवेलात गुंडाळायला घेतला, आणि थांबला. टॉवेल तसाच ओला होता. त्याने तो घडी करून पिशवीत टाकला आणि पाट उघडाच काखेत घेतला. बुवांच्या पायाशी येऊन उभा राहिला.

"बुवा…"

"तुझं मशीन राहिलं."

उमाकांत ओशाळला. मला वाटतं, तो विसरला होता.

"आईला खोकला आहे ना?" बुवांनी विचारलं.

"आहे."

"मग धूळ पिशवीत जाते म्हणालास ते घे. मधलं. श्राद्ध झाल्यावर आण. आईचाही पाट कर त्याच्यावर. तुझा कर."

"बरं."

तो निघाला नाही. काखेतला पाट त्याने दोन्ही हातांत घेतला, छातीशी धरला. सकाळी हा माणूस पाटावरची खूण घालवायला आला होता. आता त्याच्या चेहऱ्यावर वेगळीच धास्ती होती, आणि ती कसली ते मला तो बोलेपर्यंत कळलं नाही.

"बुवा, श्राद्धाच्या दिवशी पाट मांडला… आणि तो ओला झाला तर?"

"आईला शेजारी बसव. तिला पदर आहे."

उमाकांतने मान हलवली. अंगणाच्या पायरीपर्यंत गेला. तिथून वळला.

"आणि कोरडाच राहिला तर?"

बुवांनी अडकित्ता उचलला, पुन्हा खाली ठेवला. खाली दूरवर खाडीत भरतीचं पाणी चढत होतं. इथून ते नुसतं चमकताना दिसतं, आवाज येत नाही.

"तर मशीन आणलंस तरी लगेच लावू नकोस," बुवा म्हणाले. "झोप लागली असेल त्याला."